प्रोसेसर आणि पाण्याचा दिवस

प्रोसेसर हा शब्द मला चौपन्नाव्या वर्षी शिकावा लागला. हौसेनं नाही. या वयात बायका गुडघ्याला कुठलं तेल चांगलं याची चौकशी करतात, आणि खरं सांगायचं तर मीही तीच करत होते. पण गेल्या दिवाळीनंतर माझ्या मुलीचा लॅपटॉप अडायला लागला. तो अडला की ती एक सुस्कारा टाकायची, आणि त्या सुस्काऱ्याची मला भीती वाटायला लागली.

भीती का, ते आधी सांगते. मुलगी सव्वीस वर्षांची. पुण्यातल्या एका ऑफिससाठी ती आमच्या जुळे सोलापूर भागातल्या घरात बसून लोकांची स्वयंपाकघरं कॉम्प्युटरवर उभी करते. ओटा कुठं, सिंक कुठं, खिडकीतून ऊन कुठवर येईल, सगळं हुबेहूब. ते घर अजून बांधूनसुद्धा झालेलं नसतं, पण तिच्या पडद्यावर ओट्यावर टोमॅटो ठेवलेले असतात. आमच्या गल्लीत तिच्या वयाचं दुसरं कुणी उरलेलं नाही. समोरच्यांचा मुलगा पुण्याला. शेजारच्या दोघी बहिणी, एक पुण्याला आणि एक बंगळूरला. कोपऱ्यावरच्यांचा तर परदेशात आहे, आईनं गोळ्या घेतल्या की नाही ते तो फोनवर बघतो. संध्याकाळी गल्लीत फिरायला निघतो ते सगळे आम्हीच, हातात भाजीची पिशवी आणि तोंडात मुलांची चौकशी. या सगळ्यांत आमचीच तेवढी घरी होती. मी ते बोलून दाखवत नव्हते, दृष्ट लागते. पण मनातल्या मनात मला त्याचा माज होता.

मग एके दिवशी भांडी लावता लावता ती म्हणाली की ऑफिसवाले म्हणतायत, मशीन एवढं अडत असेल तर इकडंच ये, इकडं सगळं आहे, गुढीपाडव्यापर्यंत कळव. मी ताट पुसत होते, ते पुसतच राहिले.

"म्हणजे लॅपटॉप नीट चालला तर जायचं काम नाही?"

तिनं ते ताट माझ्या हातातून घेतलं. "तसंच काहीतरी," म्हणाली आणि वाट्या कपाटात ठेवायला लागली.

झालं. मी पदर खोचला. लॅपटॉपमुळं मुलगी जाणार असेल तर लॅपटॉप सरळ करायचा, एवढं साधं गणित मला समजत होतं. नवीन घेऊ, म्हटलं. ती म्हणाली, "नको गं आई, कशाला." आमच्या घरात 'नको'चा अर्थ आजवर 'परवडायचं नाही' असाच लागत आलाय. मीही तोच लावला.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखले लिहिणं, निकालपत्रकं जुळवणं, बोनाफाईडवर शिक्का मारणं, यात माझी उमर गेली. मधल्या सुट्टीत डबा उघडायचा आणि कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून मोबाईलवर लॅपटॉपचे व्हिडिओ बघायचे, असं माझं सुरू झालं. व्हिडिओत दोन-तीन पोरं असायची, हिंदीत इतकी भराभरा बोलायची की शेंगाचटणीचा घास तोंडात तसाच राहायचा. पहिल्या आठवड्यात मला फक्त एवढंच कळलं की मला काही कळत नाही. प्रोसेसरला पिढी असते. कितवी पिढी ते नावातल्या आकड्यांवरून ओळखायचं. पण हल्ली जुन्याच प्रोसेसरला नवीन नाव देऊन पुढं बसवतात, म्हणजे तेही खरं नाही. नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, एका अक्षराचा प्रोसेसर वीज कमी खातो आणि काम बेतानं करतो, दुसऱ्या अक्षराचा भरपूर खातो आणि भरपूर करतो. आमच्या ऑफिसात दोन्ही प्रकारची माणसं आहेत, त्यामुळं ते मात्र पटकन लक्षात राहिलं.

खरी मेख ग्राफिक्सची होती. मुलीचं काम चित्रांचं. ते स्वयंपाकघर माऊसनं गरगर फिरवून चारी बाजूंनी बघावं लागतं, आणि ते फिरताना अडकलं की संपलं. ज्या लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळं कार्ड असतं ते लॅपटॉप पाट्या-वरवंट्याएवढे जड, आणि पंखा सुरू झाला की पिठाची गिरणी. ते आमच्या आवाक्यातलेही नव्हते आणि तिला नकोही होते. राहिलं दुसरं, इंटिग्रेटेड. म्हणजे चित्रं काढणारं डोकं प्रोसेसरच्याच पोटात. त्याची स्वतःची मेमरी नसते, ते घरातल्याच रॅममधून उसनवारी करतं. रॅमची एकच पट्टी असेल तर ओढाताण होते, दोन असतील तर जरा मोकळं होतं. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे समजावून सांगायला व्हिडिओ लागत नाही.

मग कंपन्या. काही लॅपटॉपवर निळं स्टिकर, काहींवर केशरी. निळ्यावाल्यांचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स आधी मठ्ठ होतं, आता सुधारलंय, असं एक पोरगं म्हणायचं. केशरीवाल्यांचं आधीपासूनच बरं, असं दुसरं म्हणायचं. तिसरं म्हणायचं, दोघंही खोटं बोलतायत. प्रत्येकाकडं रंगीत पट्ट्यांचे आलेख, अमक्याला एवढे मार्क, तमक्याला तेवढे. आयुष्यभर मी मार्कांची गोळाबेरीज केलीय. मार्कांवर माझा विश्वास कधीचाच उडालाय. पण दुसरं हातात काही नव्हतं.

माझा नवरा टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, अक्कलकोट रोडला. मूळचा मंद्रूपचा, गड्याची बोली अजून सुटलेली नाही. दिवसभर टॉवेल हातावर घेऊन उजेडात धरायचा, कुठं धागा सुटलाय, कुठं डाग पडलाय ते बघायचं आणि खराब असेल तो 'सेकंड' म्हणून बाजूला टाकायचा. सेकंडचे टॉवेल कामगारांना स्वस्तात मिळतात. त्यामुळं आमच्या घरात टॉवेलांचं पीक येतं. टीव्हीवर टॉवेल, मिक्सरखाली टॉवेल, पाण्याच्या फिल्टरवर टॉवेल, स्कूटरच्या सीटवर टॉवेल. पाहुणा आला की खुर्चीवर टॉवेल टाकूनच त्याला बसवतात. घरात कुठलीही नवीन वस्तू आली की हे पहिल्यांदा तिच्याखाली काय घालायचं ते बघणार. लॅपटॉप आला तेव्हा यांनी त्याला जाड, दुहेरी घडीचा, चांगला मऊ टॉवेल दिला होता, आणि दर आठवड्याला बदलून देत होते. धुवायला अर्थात मी.

माझा अभ्यास त्यांनी आठवडाभर बघितला आणि म्हणाले, "एवडं काय बगायचं त्यात? मोठी कंपनी बगायची अन् घिऊन यायचं."

"मोठी कुठली?"

"जिचं नाव आपल्याला म्हाईत हाय ती."

"तुम्हाला कुठल्या कंपनीचं नाव माहीत आहे?"

ते विचारात पडले. त्यांनी पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव सांगितलं. मी पुन्हा कानात बोंडूक घातलं.

शेवटी आमच्या इथल्या बाजारात, नवी पेठेत, जावंच लागलं. शाळा सुटल्यावर, स्कूटरवर. संक्रांत होऊन गेली होती आणि ऊन आतापासूनच डोक्यावर बसायला लागलं होतं. गाडी लावायला जागा नाही, जागा मिळाली तर सावली नाही. पहिल्या दुकानात मला बसायलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दुकानात विचारलं, "ताई, साहेब नाही आले?" तिसरा दुकानदार कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढलेला, पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा होता. त्यानं स्टूल पुढं सरकवलं म्हणून मी तिथं टिकले, बाकी काही कारण नव्हतं.

"मॅडम, हे घ्या की. लई पळतंय."

"कशात पळतंय?"

"सगळ्यात पळतंय की."

"इंटिग्रेटेड ग्राफिक्स कुठलं आहे यात? रॅमची एक पट्टी आहे का दोन?"

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुमी कुटं कामाला हाय?"

"शाळेत."

"कॉम्प्युटर शिकवता?"

"नाही. दाखले देते."

त्यानंतर तो मला दाखलेवाल्या मॅडम म्हणायला लागला. त्याच्या दुकानात मी किती खेपा घातल्या ते मी मोजलं नाही, गुडघ्यांनी मोजलं असेल. मुलीचं एक स्वयंपाकघर मी पेनड्राईव्हवर घेऊन ठेवलं होतं. पुण्यातल्या बाणेरचं की बावधनचं कुठलं तरी, पिस्ता रंगाच्या कपाटांचं. तिचा तो प्रोग्रॅम दुकानदारानं कुरकुरत का होईना, ट्रायलवर उतरवून घेतला, आणि मी प्रत्येक लॅपटॉपवर ते स्वयंपाकघर फिरवून बघायला लागले. निळं स्टिकर, केशरी स्टिकर, ही कंपनी, ती कंपनी. ज्या बाईला आपल्या घरचा कडाप्प्याचा ओटा वीस वर्षांत बदलता आला नाही ती नवी पेठेत बसून कुणाचं तरी पिस्ता स्वयंपाकघर गरगर फिरवतेय, याचं मला कधीकधी हसू यायचं. बऱ्याचदा मात्र नुसतीच दमणूक व्हायची.

एका दिवशी दोन लॅपटॉप शेजारी ठेवले. दोन वेगळ्या कंपन्यांचे, पण प्रोसेसर अगदी तोच, शेवटच्या अक्षरासकट. ग्राफिक्स तेच, रॅम तेवढीच. एकावर स्वयंपाकघर शेवटपर्यंत छान फिरलं. दुसऱ्यावर सुरुवातीला छान फिरलं, आणि मग हळूहळू ठेचकाळायला लागलं.

"हे असं का?"

"हा लई पातळ हाय मॅडम. आत हवा खेळत न्हाय. गरम झाला की आपला आपण हळू होतो. जळू नये म्हणून."

"म्हणजे प्रोसेसर चांगलाच आहे?"

"चांगलाच हाय की. पर चांगला असून काय करंल?"

मी त्या पातळ लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून बघितला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. चटका बसला. इतके दिवस मी कोण हुशार आणि कोण मठ्ठ याचे मार्क मांडत बसले होते, आणि इथं एकच चहापूड दोन घरी दोन चवीची होत होती. मला ते पटलं. उन्हातून येते तेव्हा माझंही असंच होतं, माणूस तेच असतं पण कुणी काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागतो.

मी जाडजूड अंगाचा, हवा खेळणारा, दोन पट्ट्यांचा, केशरी स्टिकरचा एक लॅपटॉप मनात पक्का केला. दुकानदार म्हणाला, "जुना घिऊन या. एक्सचेंजला धरू की."

जुना मागितला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, अगं खरंच नको. तू कशाला एवढी धावपळ करतेस?" तिच्या आवाजात काहीतरी होतं. मला वाटलं, माया आहे. होतीही माया. पण मला वाटली तसली नव्हती.

शनिवारी अर्धी शाळा असते. लॅपटॉप पिशवीत घालून, वर टॉवेल गुंडाळून मी नवी पेठ गाठली. किंमत ठरवायच्या आधी आतून बघतो म्हणून त्यानं मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि एकदम हसायलाच लागला.

"मॅडम, ह्यात गादी भरली का काय?"

पंख्याच्या पात्यांत, जाळीत, सगळीकडं धाग्यांचा मऊ कापूस बसला होता. चांगला दाबून, थर लागलेला. पांढरा, गुलाबी, आणि वरचा थर पिस्ता. पिस्ता रंगाचे टॉवेल कारखान्यात दिवाळीच्या लॉटला निघाले होते. तेव्हापासून आठवड्याआड तोच घातला जात होता. मला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

"टॉवेलवर ठेवता का?"

मी पिशवीतला टॉवेल आणखी आत ढकलला. "हो."

"हवा खालूनच घेतंय की हे. नाक दाबून धरल्यावर कसं पळंल? लाजू नका मॅडम, सोलापुरातले लई लॅपटॉप असेच येतात. कुनी टॉवेलवर ठेवतंय, कुनी चादरीवर. बाहेरगावचा माणूस टेबलावर ठेवतो, आपल्या माणसाला उघड्यावर ठेवायला जीव होत न्हाय."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. पिढ्या पाठ केल्या, अक्षरं पाठ केली, स्टिकरांची भांडणं ऐकली, आणि चोर आमच्याच दोरीवर वाळत होता. त्यानं ब्लोअर मारला, प्रोसेसर थंड ठेवणारा, वाळून खडखडीत झालेला लेप खरवडून नवीन लावला. रॅमची एक जागा रिकामी होती, तिथं दुसरी पट्टी बसवली. पेनड्राईव्ह लावून आम्ही पिस्ता स्वयंपाकघर फिरवलं. ते नुसतं सरसर फिरलं. किती वेळ फिरवलं तरी ठेच लागली नाही.

"नवीन घ्यायची गरज न्हाय तुमाला," तो जरा उदास होऊनच म्हणाला. "आता आमी धंदा काय करायचा?"

मी घरी आले ती वाघ मारल्यासारखी. यांना सांगितलं तर यांचा चेहरा पडला.

"म्हंजे मीच की."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

"मला वाटलं तापतंय, पोरीला चटका बसंल. म्हणून जाड टाकत हुतो." थोड्या वेळानं उठून त्यांनी मिक्सरखालचा टॉवेल काढला, टीव्हीवरचा काढला, फिल्टरवरचाही काढला आणि सगळ्यांची घडी घालून कपाटात ठेवली. आमचं घर एकदम भाड्याचं वाटायला लागलं. लॅपटॉपला मी सत्यनारायणाचा पाट काढून दिला, चांगला सागवानी, कडक.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा घरातली सगळी माणसं त्याच्या मागं लागतात. मोटर लावायची, हौद भरायचा, मग ड्रम, मग पिंपं, मग बादल्या, घागरी, पातेली, शेवटी तांब्ये. लग्न असो की मयत, पाण्याच्या दिवशी पाईप आधी. त्यात मुलीचा हात धरणारा कुणी नव्हता. ती पाईप अशी फिरवायची की एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना थेंब सांडायचा नाही. पण त्या दिवशी मी पाईप यांच्या हातात दिला आणि तिला आत लॅपटॉपसमोर बसवलं.

"फिरव."

तिनं फिरवलं. कुणाचा तरी हॉल होता, मोठा, झुंबर वगैरे असलेला. तो झुंबरासकट फिरला. तिनं दिवे लावले, पडदे लावले, सोफा उचलून खिडकीपाशी नेला. कुठं अडकलं नाही. पंख्याचा आवाजसुद्धा नव्हता. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"बघितलंस? आता काय अडचण आहे? उद्या फोन करून सांग त्यांना. म्हणावं, मशीन नीट झालं."

ती माऊस सोडून बसली. पडद्यावरचा हॉल आपोआप थोडा फिरला आणि थांबला.

"आई, लॅपटॉपचं नव्हतं गं."

"म्हणजे?"

"म्हणजे अडत होता, खरंच अडत होता. पण तेवढ्यासाठी नव्हतं. मला जायचंय."

बाहेर पाण्याचा आवाज येत होता. मला आधी रागच आला. राग आला की मला बरं वाटतं, काहीतरी करता येतं. "मग मला उन्हातान्हात कशाला फिरवलंस? नवी पेठेत लोक मला नावानं ओळखायला लागलेत!"

"मी नको नको म्हणत होते की."

"नको म्हणजे काय ते नीट सांगायचं होतंस."

"कसं सांगू?" तिचे डोळे भरले. "इथं माझ्याशी बोलायला कुणी नाही आई. सकाळी उठून ज्या खोलीत बसते त्याच खोलीत रात्री झोपते. माझ्या वयाचं एक माणूस या गल्लीत नाही. तुम्ही दोघं आहात, पण तुम्ही दोघंच आहात. मी लोकांची घरं बनवते, आणि बांधून झाली की मी सोडून ती सगळे बघतात. मला वाटलं, लॅपटॉपच्या नावावर जाईन. म्हणजे तुम्ही मशीनवर राग काढाल. तुम्हाला असं वाटणार नाही की मी तुम्हाला सोडून जातेय."

सबब मीच दुरुस्त करून आणली होती, पक्कं बिल घेऊन. आता ती अडतही नव्हती आणि तापतही नव्हती.

तेवढ्यात फरशीवर गार लागलं म्हणून खाली बघितलं तर दारातून पाणी आत येत होतं. अंगणात ड्रम भरून वाहत होता. पाईप हातात धरून हे उंबऱ्याबाहेर उभे होते आणि आमच्याकडं बघत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. सोलापुरात पाण्याच्या दिवशी पाणी वाहून जाणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. शेजारीण ओरडत येते. पण आम्ही तिघंही जागचे हललो नाही. शेवटी मुलगीच उठली आणि तिनं मोटर बंद केली.

यांनी पाईप खाली ठेवला. म्हणाले, "जाऊ दे की तिला." आणि ओल्या पायानं तसेच आत येऊन कपाटातले टॉवेल काढून फरशी पुसायला लागले.

ती पाडव्यानंतर गेली. मुलगी लग्न होऊन सासरी गेली असती तर मी चार माणसांत रडले असते, त्याला रीत आहे. बायका पाठीवरून हात फिरवतात, कुणीतरी पाणी देतं. नोकरीला गेलेल्या मुलीसाठी रडलं तर लोक म्हणतात, अहो, आनंदाची गोष्ट आहे. म्हणून मी स्टेशनवर रडले नाही. धपाटे दिले, शेंगाचटणी दिली. सकाळची गाडी सुटायच्या आधी यांनी पिशवीतून दोन टॉवेल काढले. सेकंडचे नव्हते, चांगले, फर्स्ट क्वालिटीचे, लेबलासकट. उजेडात धरून दोन्ही एकदा तपासले आणि तिच्या हातात दिले.

"हे आंग पुसायला. लॅपटॉपखाली न्हाय."

ती हसली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मी डब्याच्या नंबराकडं बघत उभी राहिले.

आता ती रोज संध्याकाळी फोन करते. ऑफिसनं तिला तिथलं मोठं मशीन दिलंय, पण घरी आणून करायचं काम ती आपल्याच लॅपटॉपवर करते. तो मस्त चालतोय म्हणते. मी पहिल्यांदा लॅपटॉपचंच विचारते. तापत नाही ना? टेबलावरच ठेवतेस ना? मध्येच अडतो का? दुसरं काही विचारायला गेलं की 'परत कधी येतेस' हेच ओठावर येतं, आणि प्रोसेसरचं विचारताना ते येत नाही. इतका अभ्यास केला त्याचा एवढा तरी उपयोग होतो. हे शेजारी बसून ऐकत असतात, आणि फोन ठेवला की विचारतात, चालतंय नव्हं?

परवा तिनं मला मध्येच थांबवलं.

"आई, लॅपटॉपचं सोड. तू कशी आहेस ते सांग."

मी खिडकीकडं बघितलं. सागवानी पाट अजून खिडकीखाली तसाच होता, मी तो देवघरात परत नेलेला नाही. त्यावर कुणी काही ठेवत नाही. तिकडं ती थांबली होती, तिच्यामागं कुणीतरी हसत होतं, तिच्याच वयाच्या मुली असाव्यात.

"आज पाणी आलं होतं," मी म्हटलं. "सगळं भरलं. यांनी पाईप धरला."